युवा शाखेचं पद चालून आलंय. घेऊ का? आणि तिथं आपलं काम नेमकं काय?

उद्यमबागची_पोरगी

नमस्कार. मी २४ वर्षांची. गाव बेळगावच्या दक्षिणेला, खानापूर रस्त्यावरून थोडं आत. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, एका फौंड्रीत इन्स्पेक्शनला आहे. कास्टिंगची मापं घ्यायची, कुठं ब्लोहोल, कुठं चीर दिसते का बघायचं आणि सगळं ठीक असेल तर सही करून माल पुढं सोडायचा.

गेल्या महिन्यात एका राष्ट्रीय पक्षाचे तालुक्यातले दोघेजण घरी आले. आईनं चहा ठेवला. त्यांनी पिशवीतून शाल काढली आणि एक पत्र काढलं. तालुका युवा शाखेची सरचिटणीस म्हणून माझी नेमणूक झाल्याचं पत्र. कन्नडमध्ये, टाईप करून, शिक्का मारून तयार. त्यात बाबांचं नाव चुकलेलं. मला आधी कुणी काही विचारलं नव्हतं.

आमचे बाबा महाराष्ट्र एकीकरण समितीचे, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणाऱ्यांतले. १९८६ च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात ते कॉलेजात होते, तेव्हा मनगटावर काठी बसली होती. अजून पावसाळ्यात मनगट धरतं. दर एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, निषेध म्हणून काळा शर्ट घालून फेरीला जातात, अजून एकही वर्ष चुकवलेलं नाही. मला वाटलं आता ते त्या दोघांना काहीतरी बोलणार. पण त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते दोघं गेल्यावर म्हणाले, "सही कुणाची हाय बघ त्याच्यावर."

मी बघितलं. जिल्ह्याच्या युवा अध्यक्षांची.

"त्यांना कुणी निवडलं?"

"वरून नेमलंय."

"मग उद्या तुला काढायचं झालं तर?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ते पत्र टीव्हीखालच्या कप्प्यात पडून आहे.

मी या कामात अगदीच नवखी नाही. २०२३ च्या विधानसभेला याच पक्षाच्या युवा शाखेबरोबर सहा आठवडे हिंडले होते. मैत्रिणीचा भाऊ त्यात होता म्हणून गेले. मतदारांच्या चिठ्ठ्या घरोघरी वाटल्या, सभेला खुर्च्या मांडल्या, पोरांनी मोटारसायकलींना झेंडे बांधले, पेट्रोलची कुपनं मिळाली. गल्लीत कुणाचं नाव यादीतून गळलंय हे मी शोधून काढलं, ते काम मला मनापासून आवडलं. त्याच वेळी मी आणखी एक यादी केली होती. आमच्या गावातून रोज बेळगावला कॉलेजला जाणारी ३१ पोरं-पोरी, त्यांची सकाळची वेळ, आणि सातच्या दरम्यानची बस फाट्यावर थांबतच नाही ही तक्रार. ती यादी मी तालुक्याच्या पदाधिकाऱ्यांना दिली. "वर पाठवतो," म्हणाले. निकाल लागला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप थंड झाला. पुढचा मेसेज आला तो नेत्यांच्या वाढदिवसाच्या बॅनरसाठी वर्गणी काढण्याचा. यादीचं काय झालं हे मी तीन वेळा विचारलं. तिसऱ्या वेळी मला ग्रुपमधून काढलं.

मग आम्ही चौघी ग्रामसभेला गेलो. अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतला, तोंडी मराठीत सांगितलं. पंचायत विकास अधिकाऱ्यांनी ठराव लिहून घेतला, त्याची नक्कल आम्ही डेपोत नेऊन दिली, पुन्हा दोन खेपा मारल्या. आता बस थांबते. त्या दिवशी कुणी आम्हाला पक्ष विचारला नाही.

म्हणून माझा प्रश्न असा. पक्षाविना काम होत असेल तर युवा शाखा हवी कशाला? आणि हवीच असेल तर लोकशाहीत तिचं काम काय? पद घेऊ नको किंवा घे, एवढंच नका सांगू. आत राहून कुणी काही केलं असेल तर ते सांगा. मला खरोखर कळून घ्यायचं आहे, कारण ही माणसं परत येणार आहेत.

जांबोटीकडचा_काका

बाळ, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. तेव्हाच्या मोर्चांत मीही होतो, कदाचित आम्ही एकमेकांना बघितलंही असेल.

एक गोष्ट तुझ्या बाबांनाही सुचली असेल, पण ते बोलले नसतील. १९८६ ला ते २० च्या आतबाहेर असणार. त्यांनी काठी खाल्ली तेव्हा त्यांना मत नव्हतं. मतदानाचं वय तेव्हा २१ होतं, ते १८ झालं १९८९ साली. त्याच आंदोलनात बेळगावजवळ हिंडलग्याला पोलिसांचा गोळीबार झाला, त्यानंतर आम्ही कितीतरी पोरं रस्त्यावर होतो. ज्या सरकारपुढं उभे होतो त्याला निवडायचा किंवा पाडायचा हक्क आमच्यातल्या अर्ध्याअधिक पोरांना नव्हता. रस्ता एवढाच आमच्या हातात होता.

तुझ्याकडं मत आहे. पण जी युवा शाखा तुला सरचिटणीस करायला निघालीय, तिथं तुला मत आहे का? नाही. बाबांनी सहीचं विचारलं ते याच्यासाठी.

माझ्या वेळी कॉलेजात विद्यार्थी संघाची निवडणूक व्हायची. मी एकदा हरलोही. ज्यानं हरवलं त्याच्याबरोबर पुढं वर्षभर काम केलं. ते शिक्षण तुमच्या पिढीला मिळालंच नाही, कारण कर्नाटकात त्या निवडणुका तुमच्या जन्माआधीच बंद झाल्या. आता पोरगं थेट १८ व्या वर्षी विधानसभेच्या केंद्रावर जातं आणि त्याआधी त्यानं साध्या वर्गाच्या प्रतिनिधीसाठीही मत टाकलेलं नसतं. युवा शाखेचं पहिलं काम मी हे मानतो, की मत मागायला, मत द्यायला आणि हरायला शिकवायचं. कमी लोकांत, कमी नुकसानीत.

आणि दुसरं. पोरांत ताकद नाही असं कुणी म्हणू नये. २०२१ च्या एप्रिलमध्ये बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली तेव्हा समितीनं युवा समितीतला तरुण उमेदवार उभा केला, शुभम शेळके. एक लाख सतरा हजारांवर मतं पडली. निवडून आलेल्या आणि दुसऱ्या नंबरच्या उमेदवारांत फरक होता साधारण पाच हजारांचा. वर्गणी गल्लीगल्लीतून, प्रचार पोरांचा. मी खानापूर भागात फिरलो, मला ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. पण सप्टेंबरात महापालिकेची निवडणूक आली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपनं घेतल्या, समितीचे हाताच्या बोटावर मोजण्याइतके आले. एप्रिल ते सप्टेंबर, पाच महिने. मला यातून एवढंच दिसलं, की जोश एका निवडणुकीला पुरतो. प्रभागात रोजचा माणूस लागतो. तू जी ३१ पोरांची यादी केलीस ना, ते रोजचं काम. ते ज्या शाखेला नको आहे तिला तू खुर्च्या मांडायलाच हवी आहेस.

निपाणी_स्टँड

मी थोडक्यात लिहितो, दुकानात आहे.

ताई, तुम्ही पदाचा विचार कशाला करताय? ग्रामपंचायतीला उभं राहायला २१ पुरतात. कर्नाटकात पंचायतीत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत आणि ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्हच नसतं. ग्रामसभा जिंकलात, तर वॉर्ड का नको?

फक्त पुढची पायरी तुटलीय. जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायतीची शेवटची निवडणूक झाली २०१६ ला. मुदत संपली २०२१ ला. तेव्हापासून अधिकाऱ्यांचा कारभार. नव्या पोरांनी शिकायची जागा तीच होती. २५ वय झाल्याशिवाय आमदारकीला उभं राहता येत नाही, मग मधल्या चार वर्षांत पोरगं राजकारण शिकणार कुठं? आमच्या तालुक्यात याच्यासाठी एकाही पक्षाच्या युवा शाखेनं तहसीलदारांना निवेदन दिल्याचं मला माहीत नाही. दिलं असेल तर आनंदच आहे. तुमच्याकडं ते लोक आले की हे विचारा.

दोन_भाषांचं_घर

मी चिक्कोडीची. घरात कन्नड, शाळा मराठी, सासर मराठी. माझा धाकटा भाऊ एका युवा शाखेत होता, कुठल्या ते सांगत नाही, कारण आमच्याकडं दोन्ही भाषांच्या बाजूंना सारखंच चालतं. कुठल्यातरी फलकावरून वाद पेटला की पोरांना पुढं करतात. पोरं काळं फासून येतात. संध्याकाळी मोठी माणसं एका टेबलावर बसून मिटवतात, आणि केस राहते पोरांवर. माझ्या भावाचं पोलीस व्हेरिफिकेशन त्यामुळं अडकलं, दुबईची नोकरी गेली. त्याला पाठवणाऱ्यांच्या घरातलं एकही पोरगं त्या दिवशी रस्त्यावर नव्हतं.

माझं म्हणणं भाषेच्या प्रश्नाबद्दल बोलू नये असं नाही. मी स्वतः आईला दवाखान्यात कन्नड कागद वाचून दाखवते आणि सासूबाईंना त्याचंच मराठी करून सांगते. ज्याला वाचता येत नाही त्याचा जीव कसा कासावीस होतो ते मला रोज दिसतं. पण हा प्रश्न कागदानं लढायचा आहे आणि कागद तयार करायला डोकं लागतं. पोरांकडं ते आहे. त्यांच्याकडून फक्त हात मागतात, याचं मला वाईट वाटतं.

कोर्ट_कंपाउंड

बेळगावात वकिली करतो. वरच्या ताईंनी लिहिलंय ते मी रोज बघतो. मोर्चाच्या आदल्या दिवशी पोरांना शांततेच्या बाँडची, म्हणजे शांतता राखीन अशी हमी लिहून द्यायची, नोटीस येते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १०७, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १२६. त्यात कुणी गुन्हा केलेला असतो असं नाही, पण १९ वर्षांच्या पोराच्या हातात पहिल्यांदा पोलिसांचा कागद पडतो आणि घरात दोन दिवस चूल पेटत नाही. पुढं खरा गुन्हा दाखल झाला तर तारखा सुरू होतात. एका तारखेला दिवसाची मजुरी बुडते. म्हणून माझ्याकडं कुणी युवा शाखेत जाऊ का विचारायला आलं तर मी आधी विचारतो: तुझ्यावर केस झाली तर वकील कोण देणार? आणि हे तुला लिहून देतील का?

आता कायद्याचं. तुमचा प्रश्न आहे लोकशाहीत युवा शाखेचं काम काय. कायद्यात तिला जागाच नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम २९-अ, पक्षाच्या नोंदणीचं. पक्षानं संविधानावर, लोकशाहीवर निष्ठा लिहून द्यावी लागते. पण त्यात युवा शाखेबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे युवा शाखेला किती अधिकार, हे संपूर्ण पक्षाच्या मर्जीवर. बदल करायचा तर पक्षाच्या घटनेतच करावा लागेल आणि तो आतल्या माणसालाच करता येईल.

एक प्रयोग झाला होता. युवक काँग्रेसनं २००८ पासून पदाधिकारी निवडणुकीनं निवडायला सुरुवात केली, पंजाबपासून. सभासद नोंदवायचे, त्यांनी मत द्यायचं. तो प्रयोग मला योग्य वाटला, आजही वाटतो. पण ज्याच्याकडं पैसा त्यानं जास्त सभासद केले, आणि पुष्कळ ठिकाणी नेत्यांचीच मुलं निवडून आली, ही टीकाही खरी आहे. म्हणून फक्त "निवडणूक घ्या" म्हणून भागत नाही. सभासद नोंदणीची फी कोण भरतंय ते बघावं लागतं. तुमच्या गावातल्या ३१ पोरांची फी त्यांनी स्वतः भरली तर ती तुमची शाखा. एका माणसानं सगळ्यांची भरली तर त्या माणसाची.

शहापूर_ते_श्टुटगार्ट

मूळ शहापूरचा, आठ वर्षं जर्मनीत. इथलं एक उदाहरण सांगतो, कारण तुम्ही "आत राहून कुणी काही केलं का" असं विचारलंय.

इथं सोशल डेमोक्रॅट पक्षाची युवा संघटना आहे, तिला युझोस म्हणतात. वय १४ ते ३५. तिचं स्वतःचं अधिवेशन भरतं, अध्यक्ष तिथंच मतानं निवडला जातो. मूळ पक्षाच्या नेत्यांना तो नेमता येत नाही. २०१७ च्या निवडणुकीत पक्ष २०.५ टक्क्यांवर आला, युद्धानंतरची सर्वांत वाईट कामगिरी. तरी नेत्यांनी पुन्हा चॅन्सेलर मेर्केल यांच्याबरोबर सरकारात जायचं ठरवलं. युवा अध्यक्ष केव्हिन क्यूनर्ट तेव्हा २८ वर्षांचा. त्यानं उघड विरोध केला. गावोगाव फिरला, पक्षातच राहून पक्षाच्या नेत्यांविरुद्ध बोलला. जानेवारी २०१८ मध्ये बॉनला विशेष अधिवेशन झालं. सरकारात जायची बोलणी करावीत या बाजूनं ३६२ मतं, विरोधात २७९. इतकं थोडक्यात. नंतर सगळ्या सभासदांचं मतदान झालं, त्यात ६६ टक्क्यांनी सरकारात जायच्या बाजूनं कौल दिला. क्यूनर्ट हरला. त्यानं निकाल मान्य केला आणि पक्षातच राहिला. त्याला कुणी काढलं नाही. २०२१ च्या डिसेंबरात तोच पक्षाचा सरचिटणीस झाला.

मी हे बातम्यांत बघत होतो तेव्हा मला शहापूरचे दिवस आठवले. गणपती मंडळाच्या बैठकीत मी एकदा म्हटलं होतं, डॉल्बी नको, त्या पैशात अभ्यासिका करू. मतदान झालं नाही. एक काका म्हणाले, "लहान आहेस, गप बस," आणि विषय संपला. युझोसची ती २७९ मतं मोजली गेली, याचं मला फार अप्रूप वाटलं. हरलेली मतं मोजणं, ती कागदावर राहणं, हे युवा शाखेला मिळायला हवं. पक्षाला "हे चुकतंय" म्हणायचा हक्क, आणि म्हटल्यावरही आत राहायचा हक्क.

उद्यमबागची_पोरगी

सगळ्यांची उत्तरं बाबांना वाचून दाखवली. जांबोटीच्या काकांचं मताच्या वयाचं वाचलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खरं हाय. मी पहिल्यांदा मत टाकलं तेव्हा मनगट बरं झालं होतं." मला हे माहीत नव्हतं. त्यांनी आंदोलनाबद्दल पुष्कळ सांगितलंय, पण हे कधी सांगितलं नव्हतं.

चिक्कोडीच्या ताई, तुमच्या भावाचं वाचून फार वाईट वाटलं. कागदानं लढायचं म्हणताय ते मनात बसलं. आमच्या ग्रामसभेच्या ठरावाची मराठी नक्कल मी मागितली होती, अजून मिळालेली नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ मध्ये घटनेत ३५०-ब कलम आलं, त्याखाली विशेष अधिकारी नेमलेला असतो, हे मला एका सरांनी सांगितलं. तिकडं अर्ज कसा करायचा ते शिकतेय. कन्नड आणि मराठी दोन्ही नकला मिळाव्यात असा अर्ज असेल, म्हणजे गावातल्या कुणालाच दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

वकील काका, फीचं तुम्ही लिहिलंत ते सोन्यासारखं. मी परवा गावातल्या पोरांना विचारलं, कुणी आपल्या खिशातून सभासद होईल का. ३१ पैकी काही जण आता नोकरीला लागलेत, बाहेर गेलेत. जे आहेत त्यातले नऊ जण हो म्हणाले. दोघी मुली आहेत त्यात.

मी काय ठरवलं ते सांगते. कामावर मी मापं न घेता सही केली आणि माल परत आला, तर विचारणा मला होते, म्हणून माझ्या सहीला किंमत आहे. या पत्रावर ज्यांची सही आहे त्यांना माझ्याबद्दल विचारणारं गावात कुणी नाही, आणि मलाही विचारणारं कुणी नसेल. अशी सही मला नको. पण मी दार लावूनही घेणार नाही, कारण बसचा एक प्रश्न सुटला तरी फाट्यावरचा दिवा, शाळेची गळकी खोली, तालुका पंचायतीची रखडलेली निवडणूक, ही सगळी कामं चौघींच्या खेपांनी होण्यातली नाहीत. तिथं संघटना लागतेच. निपाणीच्या दादांनी लिहिलेला प्रश्न मी वहीत उतरवून घेतलाय.

त्या दोघांना फोन करून सांगितलं, पत्र परत न्यायला या आणि येताना तालुका अध्यक्षांना घेऊन या. आम्ही नऊ जण असू. आमच्या गावाची शाखा आम्ही स्वतःच्या पैशानं करू, अध्यक्ष मतानं निवडू, मी हरले तर जो निवडून येईल त्याच्या हाताखाली काम करीन. तालुक्याच्या बैठकीत आमच्या विरोधाचं मत इतिवृत्तात लिहायचं. केस झाली तर वकील कोण ते आधी ठरवायचं. हे मान्य असेल तर बोलू. पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, "विचारून सांगतो." मी विचारलं, कुणाला? म्हणाले, "वर."

आज सकाळी त्यांचा फोन आला. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला येतायत, अध्यक्षही आहेत. कामावर त्या दिवशी पहिली शिफ्ट मागून घेतलीय. बैठक आमच्या घरी नको, शाळेच्या कट्ट्यावर करू असं बाबांनी सुचवलं, म्हणजे ज्याला ऐकायचं त्याला येऊन ऐकता येईल. ते स्वतः येणार आहेत का विचारलं, तर म्हणाले, "मागं बसतो. बोलायचं तुमी."